खडकीच्या थांब्यावरचा लेफ्टनंट

बोलायच्या आधी तो उजव्या हाताचं बोट वर करायचा आणि म्हणायचा, "एक मिनिट हं."

आता एक मिनिट म्हणजे काय, हे पुण्यात राहणाऱ्या माणसाला सांगायला नको. काउंटरवरचा माणूस एक मिनिट म्हणतो आणि जेवायला निघून जातो. पण हा खरोखर मिनिटभर थांबायचा. बोट वर, नजर बसच्या छताकडे, घशातली घाटी एकदा वर, एकदा खाली. तोवर इतरांचं बोलणं पुढे गेलेलं असायचं. मी विचारलेलं असायचं, "काय हो, मुलीचा ताप उतरला का?" आणि उत्तर यायचं तेव्हा आम्ही कांद्याच्या भावावर पोचलेलो असायचो. मधेच कुणीतरी गंभीर आवाजात म्हणायचं, "हो, उतरला," आणि सगळे चमकून मागे बघायचे.

तो आमच्या कंपनीच्या बसमधला. ही बस स्वारगेटहून निघते, शिवाजीनगरला भरते, खडकीला थांबते आणि औंध, वाकड करत रखडत हिंजवडीला पोचते. मी स्वारगेटची. पगार विभागात आहे, त्यामुळे बसमधल्या प्रत्येकाचा पगार मला ठाऊक आहे आणि प्रत्येक जण माझ्याशी जपून बोलतो. तो खडकीला चढायचा आणि माझ्याच ओळीत, पलीकडच्या खिडकीशी बसायचा. चाळिशीचा, पोट सुटलेलं, जाड चष्मा, मांडीवर सॅक. काम टेस्टिंगचं, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायचं. त्याच्या हाताखालून गेलेलं काम गिऱ्हाइकाकडून परत येत नाही, अशी त्याच्या विभागात ख्याती होती. माझा आपला असा तर्क की हा माणूस स्वतःची वाक्यंही तशीच तपासतो. तोंडातून बाहेर सोडण्याआधी प्रत्येक वाक्य उलटंपालटं करून बघतो, आणि बहुतेक वाक्यं नापास होतात.

एकदा तो आठवडाभर दिसलाच नाही. परत आला तेव्हा पुढच्या सीटवरच्या काकांनी विचारलं, "काय हो, कुठं गायब? घरात मंगलकार्य वगैरे?" हे काका खरेदी विभागातले. निवृत्तीला आलेले आणि पेठेतले. त्यांच्या तोंडून सरळ वाक्य निघालेलं आम्ही कुणी ऐकलेलं नाही.

बोट वर गेलं. "एक मिनिट हं."

बस खडकीहून निघाली, औंध आलं.

"भोपाळला गेलो होतो," तो म्हणाला. "फौजेतल्या अधिकाऱ्यांच्या निवडीला."

बसमधले मोबाईल खाली आले. काकांनी मान वळवून त्याला चपलेपासून चष्म्यापर्यंत पाहिलं. "कुठल्या फौजेच्या?" ते म्हणाले. "आपल्याच ना?"

मग हळूहळू, दोन-तीन सकाळी मिळून, आम्हाला प्रकरण समजलं. नोकरीधंदा न सोडता वर्षातले काही आठवडे वर्दी घालायची, प्रशिक्षण घ्यायचं आणि गरज पडली की बोलावतील तिथं जायचं, अशी प्रादेशिक सेना आपल्या देशात आहे. साधा नोकरदार माणूस तिच्यात अधिकारी होऊ शकतो. लेखी परीक्षा, मुलाखत आणि मग ती भोपाळसारख्या ठिकाणची काही दिवसांची निवड. लेखी त्यानं सहज काढली होती. पुण्यातल्या मुलाखतीतले साहेब सबुरीचे निघाले, त्याचं मिनिट संपेपर्यंत थांबले. भोपाळला दोरावर चढणं, फळ्या आणि पिंपं लावून खड्डा ओलांडणं, हेही जमलं. गडी रोज पहाटे खडकीच्या मैदानावर धावायचा, हे आम्हाला तेव्हा कळलं. पोटाकडे बघून कुणाला शंका आली नसती.

"मग अडलं कुठं?" मी विचारलं.

"गटासमोर उभं राहून तीन मिनिटं बोलायचं असतं. विषय ते देतात."

"मग?"

"बोट वर केलं," तो म्हणाला. "घंटा झाली."

कुणी हसलं नाही. काकासुद्धा खिडकीबाहेर बघायला लागले.

"पुढच्या वर्षी पुन्हा बसता येईल," तो म्हणाला. "ती शेवटची संधी. मग वय संपतं."

तुम्हाला हे कशासाठी हवंय, असं मी त्याला विचारलं तेव्हाही बोट वर गेलं होतं. हिंजवडीचं गेट आलं तरी ते खाली आलं नाही. मी आपली उतरून गेले.

बसमध्ये नागपूरकडची एक मुलगी होती, नवीनच नोकरीला लागलेली. तिला कुठलीही गोष्ट अशक्य वाटत नसे. दुसऱ्या दिवशी वाकडच्या पुलाशी बस अडकली, म्हणजे रोजच्यासारखीच अडकली, तेव्हा ती उठून उभी राहिली. "सर, इथं आपण रोज अडकतो ना! रोज प्रॅक्टिस करायची. टॉपिक आम्ही देतो, तुम्ही तीन मिनिटं बोलायचं. सिंपल!"

त्यानं घाबरून माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "बघताय काय, उठा."

टायमिंगची जबाबदारी बसचे ड्रायव्हर मामा यांनी घेतली. मामा मुळशीकडचे. आरशातून त्यांना सगळी बस दिसते आणि सगळं ऐकू येतं. "तीन मिन्टं झाली की म्या हॉर्न मारतो," ते म्हणाले. "हितं एक हॉर्न जास्ती झाला तर कुनाला कळतंय? बोला सायेब, रस्ता काय हालत न्हाय."

पहिला विषय होता 'मिसळ'. मुलीनं मुद्दाम सोपा दिला होता. तो सीटचा दांडा धरून उभा राहिला. बोट वर केलं. आम्ही वाट पाहिली. शेजारच्या बसमधले लोक आमच्याकडे बघायला लागले, कारण आमच्या बसमधले तमाम लोक एका बोटाकडे बघत होते. मामांनी हॉर्न मारला. तो खाली बसला.

"छान," काका म्हणाले. "मुद्देसूद होतं."

दुसऱ्या आठवड्यात 'पुण्यातले एकेरी रस्ते' या विषयावर तो चार वाक्यं बोलला. काका म्हणाले, "आज जरा पाल्हाळ झाला."

पण गंमत अशी की सकाळची ती रडकी वाट आता कुणाला नकोशी वाटेना. मागच्या सीटवर झोपणारे लोक जागे राहायला लागले. मी भाजी निवडताना विषय काढायला लागले. 'सोसायटीतलं पार्किंग', 'शेजारच्या देशांशी संबंध', 'सुनेनं नोकरी करावी का'. या शेवटच्या विषयावर तो काहीच बोलला नाही आणि ते शहाणपणाचं होतं. एकदा मेट्रोचं काम बंद असल्यामुळे रस्ता अचानक मोकळा मिळाला आणि वाकडला बस थांबलीच नाही, तर बसमधले लोक चक्क हळहळले.

प्रगती मात्र गोगलगाईची होती. वाक्याला सुरुवात करायचा, मध्येच थांबायचा, मागे जाऊन एक शब्द बदलायचा, पुन्हा थांबायचा.

"सर, चुकलं तर चुकलं ना!" मुलगी वैतागून म्हणाली. "इथं कोण मार्क्स देऊन राहिलं?"

"बाहेर गेलेलं परत घेता येत नाही," तो म्हणाला.

"अहो," काका म्हणाले, "आमची अख्खी पेठ रोज चुकीचं बोलते. ठणकावून बोलते म्हणून खपतं."

परीक्षेचे दिवस जवळ आले. त्यानं लेखी पुन्हा काढली, मुलाखतही काढली आणि भोपाळची तारीख आली. आता त्याच्यापेक्षा आम्हालाच धास्ती वाटायला लागली. मला तर राग यायचा त्याचा. एवढं सगळं करून हा तिथं पुन्हा बोट वर करून उभा राहणार, हे मला डोळ्यांसमोर दिसत होतं. त्याच्या जाण्याआधी एका सकाळी विषय द्यायची पाळी माझी होती. मी ठरवलेला विषय बाजूला ठेवला आणि म्हटलं, "तुमचे वडील."

मी तयार होते, बोटासाठी. बोट वर गेलंच नाही.

"माझे वडील खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात होते," तो म्हणाला. "आम्ही तिथल्या क्वार्टरमध्ये राहायचो. सकाळी भोंगा झाला की ते निघायचे. निघताना खिसे रिकामे करायचे. काडेपेटी नाही, किल्ली नाही, नाणं नाही. आई दारात हात पुढे करून उभी असायची, तिच्या हातावर सगळं ठेवायचे. मला वाटायचं, सगळ्यांचे वडील कामाला असेच जातात. त्यांनी जन्मभर गोळ्या भरल्या. मी विचारायचो, बाबा, गोळी कुठं जाते? म्हणायचे, पेटीत. पेटी कुठं जाते? वाघिणीत. मालगाडीच्या डब्याला वाघीण म्हणतात हे मला तेव्हा कळलं, आधी मी घाबरलोच होतो. मग वाघीण कुठं जाते? तिथं ते गप्प व्हायचे. त्यांना माहीत नव्हतं. एवढी वर्षं एक माणूस एक काम नीट करतो आणि ते कुणाच्या हातात पडतं, हे त्याला कुणी सांगत नाही. ते निवृत्त झाले तेव्हा त्यांना घड्याळ मिळालं. हे नाही सांगितलं कुणी. मी तेव्हा ठरवलं, ती पेटी उघडणारा जो कोण असेल, त्याच्या शेजारी एकदा जाऊन उभं राहायचं. आणि घरी येऊन बाबांना सांगायचं."

पुढचा रस्ता केव्हाच मोकळा झाला होता. मागच्या गाड्या बोंबलत होत्या, एक दुचाकीवाला काचेवर थापा मारत होता. मामांनी बस हलवली नाही आणि हॉर्नही मारला नाही. ते आरशात बघत होते. मी तर रडले, लपवण्यात अर्थ नाही.

तो भानावर आला आणि लालबुंद होऊन खाली बसला. काकांनी चष्मा काढून पुसला. "विषयाला धरून होतं," ते म्हणाले.

तो पास झाला.

भोपाळला कुठला विषय आला होता, असं आम्ही पुन्हापुन्हा विचारलं. तो म्हणाला, "आठवत नाही. उभा राहिलो आणि समोर तुम्ही सगळे बसलाय असं धरलं." मग वैद्यकीय तपासणी, कागदपत्रं, पोलिसांची चौकशी असं बरेच महिने चाललं. शेवटी एका सकाळी खडकीच्या थांब्यावर त्याच्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ उभे दिसले. किडकिडीत अंगकाठी, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात पेढ्यांचा मोठा बॉक्स. ते बसमध्ये चढले आणि हात जोडून म्हणाले, "जय भीम." नागपूरची मुलगी मागून मोठ्यांदा म्हणाली, "जय भीम काका!" आम्ही बाकीच्यांनी नमस्कार केले.

"पोरगं लेफ्टनंट झालं," ते म्हणाले.

टाळ्या झाल्या. काका उठून उभे राहिले. ही या बसची रीत आहे, ते म्हणाले, आता तुम्हीही दोन शब्द बोलायला हवेत.

म्हाताऱ्यांनी उजव्या हाताचं बोट वर केलं. "एक मिनिट हं."

बस अशी हसली की मामांना स्टिअरिंगवर डोकं टेकावं लागलं. म्हातारे गोंधळून मुलाकडे बघत होते. मुलगा बापाकडे असं बघत होता की जणू त्यालाही ही गोष्ट आजच समजली असावी. मग म्हाताऱ्यांना वाक्य सापडलं. "पेढे घ्या," ते म्हणाले.

रजेचा घोळ झालाच. त्याच्या साहेबांना देशाबद्दल आदर होता, फक्त दोन महिने सुट्टी द्यायची नव्हती. मी स्वतः वर जाऊन बसले. पगार विभागातली बाई न बोलावता वर आली की लोक आधी खुर्ची देतात आणि मग नियम वाचतात. रजा मिळाली.

पहिल्या कॅम्पहून तो परत आला तेव्हा खडकीच्या थांब्यावर आम्ही त्याला ओळखलंच नाही. पोट गेलेलं, मान रापलेली, केस जवळजवळ नाहीतच. काका म्हणाले, "देशानं तुम्हाला उपाशी ठेवलेलं दिसतंय." पण सॅक मांडीवर घेऊन तो त्याच खिडकीशी बसला आणि आम्ही विचारलं, कसं होतं, तर बोट वर गेलं. आम्हाला हायसं वाटलं.

त्याच्या तुकडीतही सगळे आमच्यासारखेच, घरचे कामधंदे सोडून आलेले. एक झेरॉक्सच्या दुकानाचा मालक, एक ट्रॅक्टर दुरुस्त करणारा, एक साताऱ्याकडचा दूधवाला. आमच्या या गृहस्थानं पहिल्याच दिवशी त्यांना गोल उभं करून आपल्या ऑफिसातले रोजचे तीन प्रश्न विचारले होते. काल काय केलं, आज काय करणार, कुठं काही अडलंय का? आमच्याकडे हे रोज सकाळी चालतं आणि कुणाचं ना कुणाचं अडलेलंच असतं. तिथं एकेक जण छाती काढून ओरडला, "नाही साहेब!" कुणाचंच काही अडलेलं नव्हतं. शेवटी सुभेदारानं त्याला बाजूला घेतलं. "साहेब, रांगेत उभं राहून कुणी अडलंय म्हणत नसतो."

"मग तुम्ही काय केलंत?" मुलीनं विचारलं.

"संध्याकाळी चहाच्या वेळी एकेकाच्या शेजारी जाऊन बसायला लागलो. काही विचारायचंच नाही. थांबायचं." तो थोडा हसला. "ते मला येतं."

तिसऱ्या दिवशी दूधवाला आपणहून म्हणाला होता, साहेब, बूट चावतो. मोजा काढला तर टाच सोललेली. तो त्या पायानं तसाच धावत होता. त्यानंतर चहाच्या वेळी बरंच काही बाहेर यायला लागलं. कुणाची म्हैस आजारी, कुणाच्या बायकोचे दिवस भरत आलेले. आणि त्याचं बोट वर गेलं की सगळी तुकडी चिडीचूप व्हायची. साहेबांचा हुकूम येतोय हे त्यांना कळायचं. आमच्या बसला जे कधी जमलं नाही, ते त्या लोकांना दोन महिन्यांत जमलं.

अशी काही वर्षं गेली. वर्षातून दोन महिने त्याची खिडकी रिकामी राहायची, मग तो रापून परत यायचा. आम्हाला त्याची सवय झाली होती. अर्धवेळ फौज म्हणजे असंच जायचं आणि परत यायचं, असं आम्ही धरून चाललो होतो. मग एकदा सीमेवर तणाव वाढला आणि त्याच्या पलटणीला बोलावणं आलं. हा कॅम्प नव्हता.

लॅपटॉप जमा करायला तो शेवटचा आमच्या बसनं आला. वाकडला बस अडकली. कुणी विषय देईना. मुलगी नखं खात होती. शेवटी काका म्हणाले, "माझ्याकडे एक विषय आहे."

तो उठला नाही. त्यानं बोटही वर केलं नाही. लगेच म्हणाला, "काका, तो ठेवा जपून. आल्यावर बोलतो."

गेटवर उतरताना त्यानं मामांचा हात हातात घेतला. मला म्हणाला, "ताई, बाबांकडे लक्ष असू द्या." मी म्हटलं, "तुम्ही स्वतःकडे द्या." आमच्या पेठांतून माया अशीच बाहेर पडते, त्याला ते ठाऊक होतं.

आता त्याच्या खिडकीशी कुणी बसत नाही. कुणी नवीन चढून बसायला गेलंच, तर मामा आरशातून म्हणतात, "तितं नगं. सायेबाची हाय ती." वाकडला बस अडकते तेव्हा पुन्हा सगळे मोबाईल बघतात. काकांचा विषय काय आहे, ते त्यांनी अजून कुणाला सांगितलेलं नाही. त्यांची निवृत्ती जवळ आली आहे, त्यावरून मुलगी त्यांना चिडवते. ते म्हणतात, "मी थांबेन. कंपनीला सांगा हवं तर."

परवा खडकीच्या थांब्यावर त्याचे वडील उभे होते. तोच इस्त्रीचा पांढरा शर्ट. मामांनी करकचून ब्रेक मारला. मी सीटवरून अर्धी उठले. म्हातारे दांडा धरून एक पायरी चढले. त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मी आधी श्वास सोडला.

"काल फोन आला होता," ते म्हणाले. "बरा आहे. म्हणाला, बाबा, पेटी पोचते." ते थांबले. आम्ही थांबलो. "पेटीवर खडकीचा शिक्का आहे म्हणाला. त्यांच्यातल्या एका दूधवाल्यानं उघडली. मी शेजारीच उभा होतो म्हणाला."

एवढी वाक्यं ते आयुष्यात सलग बोलले असतील असं मला वाटत नाही. मुलगी तोंडावर हात धरून बसली होती. मागे गाड्यांची रांग लागली आणि हॉर्न सुरू झाले.

काका उठून उभे राहिले. "आणि स्वारी परत कधी येतेय?" ते म्हणाले. आवाज नेहमीसारखा ठेवायचा त्यांचा प्रयत्न होता, तो साधला नाही. "विषय तयार आहे म्हणावं."

म्हाताऱ्यांनी बोट वर केलं. "एक मिनिट हं."

नजर बसच्या छताकडे गेली. घशातली घाटी एकदा वर झाली, एकदा खाली. आम्ही सगळे त्या बोटाकडे बघत बसलो होतो, ऑफिसला उशीर होत होता आणि मागचे लोक ओरडत होते. मामांनी हात पुढे करून इंजिन बंद केलं.